लॉगिनला दहा मिनिटं का लागतात, आणि युजरचा डेटा नेमका कुठे ठेवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, ४० मशीन, एक सर्व्हर, त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं डोमेन (सगळी मशीन आणि युजरची खाती एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था). काउंटरवरची माणसं रोज जागा बदलतात म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना रोमिंग प्रोफाइल लावलं, म्हणजे कुठल्याही मशीनवर बसलं तरी आपलाच डेस्कटॉप आणि फायली मिळतात. आता सकाळी दहाला लॉगिन व्हायला आठ ते दहा मिनिटं लागतात, बाहेर सभासद ताटकळतात, आणि व्हेंडरने नव्या सर्व्हरचं कोटेशन हातात दिलंय. तालुक्याच्या गावी एक शाखा आहे, ती व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधल्या खासगी जोडणीवरून, याच सर्व्हरला जोडलेली. तिथे तर वीस-वीस मिनिटं जातात. सर्व्हर घ्यावा, की रोमिंग काढावं? आणि काढलं तर लोकांच्या फायलींचं काय?

सर्व्हर आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वाक्यं ओझरती आली आहेत, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एक, ‘मशीनची डिस्क भरू नये म्हणून लॉगआउट झाल्यावर प्रोफाइल पुसलं जाईल अशी सेटिंग केली आहे.’ दुसरं, ‘शाखेत इंटरनेट नीट चालावं म्हणून डीएनएसमध्ये राउटरचा पत्ता टाकला आहे.’ (डीएनएस म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा.) या दोन्ही वाक्यांकडे येतो. आधी रोमिंग प्रोफाइल म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण ते स्पष्ट नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

प्रोफाइल म्हणजे सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमधलं त्या माणसाच्या नावाचं अख्खं फोल्डर. त्यात दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे सेटिंग: एनटीयूजर डॅट नावाची रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीची) फाइल आणि ॲपडेटामधलं रोमिंग फोल्डर. कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे की आणखी कुठला, वर्डमध्ये स्वतः भरलेला शब्दसंग्रह, डिफॉल्ट प्रिंटर, असलं सगळं. दुसरी जात म्हणजे काम: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. रोमिंग प्रोफाइल या दोन्हींत काहीही फरक करत नाही. लॉगिनच्या वेळी सगळं सर्व्हरवरून मशीनवर कॉपी करतं, लॉगआउटच्या वेळी बदललेलं परत सर्व्हरवर नेऊन टाकतं. ॲपडेटातलं लोकल आणि लोकललो एवढंच वगळलेलं असतं.

मशीनवर आधीची प्रत शिल्लक असेल तर लॉगिनला फक्त फरकाच्या फायली येतात. पण तुमच्या त्या पहिल्या सेटिंगने प्रत रोज पुसली जाते. म्हणजे दररोज, प्रत्येक माणसाचं, पूर्ण प्रोफाइल नव्याने उतरतं. आता हिशेब करा. सरासरी दीड जीबीचं प्रोफाइल धरलं तर ४० माणसांचे ६० जीबी झाले. सर्व्हरचं एक गिगाबिट कार्ड प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी देतं. ६० जीबीला साडेपाचशेच्या आसपास सेकंद लागणारच, म्हणजे नऊ मिनिटं. आणि हे सगळं सुरळीत झालं, डिस्क कुठे अडखळली नाही, असं धरून. तुमची आठ-दहा मिनिटं मला त्यामुळे अजिबात गूढ वाटत नाहीत. नवा सर्व्हर आणलात तरी तेवढेच ६० जीबी तशाच केबलमधून जाणार आहेत.

तरीही माझ्या हिशेबावर विसंबू नका, मोजा. एक दिवस पावणेदहाला काउंटरवर एखाद्या कर्मचाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉपवरचे आयकॉन दिसेपर्यंत किती वेळ, आणि आयकॉन दिसल्यापासून पहिली पावती छापली जाईपर्यंत किती वेळ, हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. दुसरा आकडा लोक मोजतच नाहीत, आणि अनेकदा दुखणं तिथेच असतं.

मग त्या मशीनचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’मध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, आणि त्यात ग्रुप पॉलिसीचा (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना आणि युजरना लागणाऱ्या नियमांचा) ‘ऑपरेशनल’ लॉग. इथे ८००१ क्रमांकाची नोंद सांगते की त्या युजरच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद लागले. ५०१६ क्रमांकाच्या नोंदी त्याच वेळाची फोड करून देतात: ड्राइव्ह जोडायला इतके मिलिसेकंद, प्रिंटरला इतके, फोल्डर रिडायरेक्शनला इतके. त्याच झाडात ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस’चा लॉग आहे. त्यातली १ क्रमांकाची नोंद म्हणजे लॉगिनची सूचना मिळाली, २ क्रमांकाची म्हणजे त्याचं काम संपलं. या दोन वेळांमधलं अंतर हाच प्रोफाइलचा खरा खर्च. दहा मिनिटांतली आठ इथे गेलेली दिसली तर रोग प्रोफाइलचा. ८००१ मध्ये मोठा आकडा दिसला तर रोग पॉलिसीचा. दोन्ही लहान असून मशीन रखडत असेल तर मशीनच बघायला हवं. एवढ्या तीन नोंदी वाचायला पंधरा मिनिटं लागतात, आणि लाखाचं कोटेशन बाजूला ठेवायचं की नाही ते कळतं.

प्रोफाइल फुगतं कसं, याचं एक जवळून पाहिलेलं उदाहरण देतो. एका ऑफिसात वसुली विभागातल्या एका ताईंचं लॉगिन सगळ्यांत हळू होतं, बाकीच्यांच्या तिप्पट. त्या बिचाऱ्या रोज साडेनऊला येऊन मशीन सुरू करून ठेवायच्या, म्हणजे दहाला आपल्यामुळे कुणाची खोटी नको. प्रोफाइल उघडून फोल्डरनिहाय आकार पाहिला. डॉक्युमेंट्समध्ये जेमतेम २०० एमबी, तीन वर्षांच्या नोटिसा नीट लावलेल्या. डाउनलोड्समध्ये मात्र व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेल्या पीडीएफ, एकेका थकबाकीदाराच्या आधारकार्डाचे चार-चार फोटो, बँकेची तीच ती स्टेटमेंटं, नावांपुढे कंसात १, २, ३ लागत गेलेली. हजारो फायली. आणि डेस्कटॉपवर ‘स्कॅन’ नावाचं फोल्डर, कारण स्कॅनर बसवणाऱ्याने सेव्ह करायची जागा डेस्कटॉप दिली होती. त्यांनी चुकीचं काहीच केलं नव्हतं. फाइल डोळ्यांसमोर राहावी म्हणून माणूस डेस्कटॉपवर ठेवतो, ते स्वाभाविकच आहे. ती तिथे ठेवली तर रोज नेटवर्कवरून वाहिली जाईल, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची जबाबदारी आपली, नेटवर्क सांभाळणाऱ्यांची होती.

जीबीपेक्षा फायलींची संख्या जास्त छळते. प्रत्येक फाइल उघडायची, तपशील वाचायचा, बंद करायची, यासाठी मशीन आणि सर्व्हर यांच्यात काही फेऱ्या होतात. एका फाइलला तीन फेऱ्या आणि ८,००० फायली धरा. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर १२ सेकंदांत काम झालं. शाखेतून व्हीपीएनवरून एका फेरीला ३० मिलिसेकंद लागले तर त्याच फायलींना १२ मिनिटं. फाइल रिकामी असली तरी. म्हणून शाखेतली इंटरनेट लाइन ५० वरून १०० एमबीपीएस केली तरी फरक पडत नाही, आणि मग लोक कंपनीला फोन करून भांडत बसतात. लाइन रुंद झाली, अंतर तेवढंच राहिलं.

वेळेपेक्षाही मला रोमिंगची एक दुसरी गोष्ट जास्त काळजीची वाटते. एकच माणूस दोन मशीनवर एकाच वेळी लॉगिन असला, तर जो शेवटी लॉगआउट होतो त्याची प्रत टिकते. काउंटरवर हे रोज घडतं. जेवायला जाताना मशीन तसंच सोडलं, परत येऊन शेजारच्या मशीनवर बसले, संध्याकाळी दोन्ही बंद केली. एका ठिकाणी मी याच कारणाने एका अधिकाऱ्याची कर्जप्रस्तावाची एक्सेल फाइल हरवलेली पाहिली आहे. दिवसभर भरलेली फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीच्या अवस्थेत उघडली. ते मला म्हणाले, ‘मी सेव्ह केली होती हो, तीनदा केली होती.’ खरंच केली होती. ज्या व्यवस्थेत सेव्ह केलेलं काम गुपचूप मागे जाऊ शकतं ती मला कुठल्याही ऑफिसात नको आहे, लॉगिन दहा सेकंदांत होत असलं तरी.

तेव्हा उपाय असा: काम आणि सेटिंग वेगळं करायचं. काम सर्व्हरवर एकाच जागी राहील, कुणी ते उचलून इकडून तिकडे नेणार नाही. मशीन फक्त त्या जागेकडे बोट दाखवेल. याला फोल्डर रिडायरेक्शन म्हणतात आणि ते तुमच्याकडे आजच आहे, वेगळं काही विकत घ्यायचं नाही. डॉक्युमेंट्सवर क्लिक केलं की माणसाला तेच डॉक्युमेंट्स दिसतं, पण फाइल उघडते ती थेट सर्व्हरवरची. न उघडलेल्या फायली जागच्या हलत नाहीत. लॉगिनला त्यांचा भार शून्य.

सर्व्हरवर त्यासाठी प्रोफाइलपासून वेगळं शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर, बनवा. रोमिंग प्रोफाइलच्या फोल्डरच्या पोटात रिडायरेक्टेड फोल्डर ठेवायचा मोह आवरा, पुढे निस्तरता निस्तरत नाही. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावा म्हणजे ब्राउझ करताना ते दिसणार नाही. परमिशन देताना घाई नको, कारण चुका इथेच होतात आणि महिन्यांनी उघडकीस येतात. मूळ फोल्डरवर सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स यांना पूर्ण हक्क. युजर्सच्या ग्रुपला फक्त ‘या फोल्डरपुरतं’ यादी पाहण्याचा आणि नवं फोल्डर तयार करण्याचा हक्क. क्रिएटर ओनरला ‘आतल्या फोल्डर आणि फायलींपुरता’ पूर्ण हक्क. यामुळे प्रत्येकाचं फोल्डर त्याच्या पहिल्या लॉगिनला आपोआप तयार होतं, त्याचं त्यालाच उघडतं, शेजाऱ्याचं उघडत नाही. फोल्डर हाताने आधी बनवून ठेवू नका, मालकी चुकते आणि रिडायरेक्शन अडतं.

पॉलिसीत ‘युजरला एकट्याला हक्क द्या’ अशा अर्थाची एक खूण आधीपासून केलेली असते. ती ठेवली तर ॲडमिनलाही फोल्डर उघडत नाही, आणि माणूस अचानक रजेवर गेला की व्यवस्थापक तुमच्या मागे लागतात. मी ती काढतो. पण काढण्याआधी कुणाचं फोल्डर कुणाच्या लेखी परवानगीने उघडायचं, हे संस्थेकडून कागदावर घेतो. पतसंस्थेत सभासदांची कागदपत्रं त्या फोल्डरांत असतात, आणि ॲडमिनला उघडता येतं म्हणून त्याने उघडावं असं होत नाही.

कोणती फोल्डरं वळवायची? डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स आणि डाउनलोड्स. डाउनलोड्स लोक विसरतात. वरच्या ताईंच्या उदाहरणात निम्मं ओझं तिथेच होतं. ॲपडेटा वळवू नका. कागदावर ते आकर्षक दिसतं, पण प्रोग्रॅम त्या फोल्डरला सेकंदाला अनेकदा हात लावत असतात, आणि तो प्रत्येक स्पर्श नेटवर्कवरून गेला की लॉगिन झटपट आणि दिवसभर सगळं जड, अशी अवस्था होते. मी एकदा केलं होतं, आठ दिवसांत मागे घेतलं.

रोमिंग असलेल्या युजरला ही पॉलिसी पहिल्याच लॉगिनला लागते. बाकीच्यांना बहुधा दोनदा लॉगिन करावं लागतं, कारण विंडोज एरवी नेटवर्कची वाट न पाहता डेस्कटॉप दाखवून टाकतं आणि रिडायरेक्शनला ते चालत नाही. दुसऱ्या लॉगिनला नाही लागली तर घाबरून पॉलिसी बदलत बसू नका, आधी ‘जीपीरिझल्ट’ या कमांडचा अहवाल काढा, कोणती पॉलिसी लागली ते त्यात दिसतं. आणि ज्या दिवशी फायली पहिल्यांदा हलतात त्या दिवशीचं लॉगिन लांबणार, मोठ्या प्रोफाइलला अर्धा तासही जाईल. म्हणून सगळ्या ४० जणांना एका सकाळी लावायचं नाही. एका ग्रुपला पॉलिसी द्या आणि त्या ग्रुपमध्ये रोज पाच-सहा माणसं टाका, शक्यतो त्यांच्याकडून संध्याकाळी काम संपल्यावर एकदा लॉगिन करून घ्या. मार्चअखेर आणि लाभांश वाटपाच्या दिवसांना तर हातच लावू नका.

एक खाचखळगा ऑफलाइन फाइल्सचा. विंडोज वळवलेली फोल्डरं आपण होऊन मशीनवर ऑफलाइन ठेवायला लागतं. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपला ते हवंच. पण काउंटरच्या मशीनवर दहा माणसं आलटून पालटून बसतात, तिथे दहाही जणांच्या प्रती साठत जातात, आणि जी डिस्क भरायची म्हणून तुम्ही प्रोफाइल पुसायची सेटिंग केली होती तीच पुन्हा भरते. केबलने जोडलेल्या स्थिर मशीनवर हे पॉलिसीने बंद करा. प्रोफाइलच्या शेअरवर तर कॅशिंग, म्हणजे अशा प्रती साठवणं, सगळ्यांसाठीच बंद ठेवायचं.

एवढं झालं की प्रोफाइलमध्ये मागे राहतं ते सेटिंग, काही दहा एमबी. आता त्या पहिल्या सेटिंगकडे या आणि ती काढून टाका. प्रत मशीनवर राहू द्या. डिस्कची काळजी असेल तर ‘इतक्या दिवसांत न वापरलेली प्रोफाइलं रिस्टार्टला काढा’ अशी वेगळी पॉलिसी आहे, तिथे ६० किंवा ९० दिवस द्या. जुन्या प्रोफाइल शेअरमध्ये डेस्कटॉप किंवा डाउनलोड्सचे अवशेष उरलेत का तेही चाळा, कधी कधी उरतात.

आणि मग खरा प्रश्न विचारा: रोमिंग कुणाला हवंय? लेखा विभाग, वसुली, व्यवस्थापक यांची जागा वर्षभर बदलत नाही. त्यांचं रोमिंग मी सरळ काढतो. फायली सर्व्हरवर आहेतच. मशीन बिघडलं आणि नवं दिलं तर वॉलपेपर आणि चार सेटिंग पुन्हा करावी लागतात, एवढंच. काउंटरवरच्या दहा-बारा जणांना ठेवा, पण बारीक करून. ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये कोणता प्रोग्रॅम काय कोंबतो ते पाहा. जुनं टीम्स आपली अख्खी कॅश तिथे ठेवायचं; मशीनवर नवं आलं तरी जुनं फोल्डर प्रोफाइलबरोबर अजून फिरत असतं. पॉलिसीतल्या वगळण्याच्या यादीत असली नावं घाला. क्रोम आपला डेटा लोकलमध्ये ठेवतं, त्याचा या ओझ्याशी संबंध नाही. म्हणूनच रोमिंग असूनही बुकमार्क दुसऱ्या मशीनवर येत नाहीत, आणि लोकांना वाटतं रोमिंग बिघडलंय.

विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ‘प्रायमरी कॉम्प्युटर’ची सोय आहे. युजरच्या खात्यात त्याची ठरलेली मशीन नोंदवली आणि तशी पॉलिसी चालू केली की रोमिंग आणि रिडायरेक्शन त्याच मशीनवर लागतं, बाकी ठिकाणी नाही. व्यवस्थापकांनी दोन मिनिटांसाठी काउंटरच्या मशीनवर लॉगिन केलं आणि त्यांचं सगळं तिथे उतरलं, हे टाळायला उपयोगी पडतं. थोड्या जणांपुरतं वापरा. ४० जणांची नोंद हाताने सांभाळणं कंटाळवाणं काम आहे.

तुमच्याकडे काही मशीन विंडोज ७ ची उरली आहेत असं लिहिलंय. सर्व्हरवर एकाच माणसाची दोन प्रोफाइल फोल्डरं दिसतील, एकाच्या नावामागे व्ही२ आणि दुसऱ्यामागे व्ही६. ती चूक नाही, आणि त्यातलं एक जुनं समजून पुसूही नका. विंडोज ७ व्ही२ वापरतं, विंडोज १० ची १६०७ पासूनची आवृत्ती आणि विंडोज ११ व्ही६. दोघांचं एकमेकांशी जमत नाही म्हणून ती वेगळी ठेवली जातात. नव्या मशीनवर बसल्यावर ‘माझं सगळं गेलं’ अशी तक्रार येते ती यामुळे. रिडायरेक्शन केलं की ही तक्रारही संपते, कारण फायली दोन्हीकडून एकाच जागी दिसतात. ती मशीन मात्र बदलाच. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसामान्य ग्राहकांसाठी जानेवारी २०२० मध्येच थांबले आहेत, आणि तुमच्याकडे लोकांचे पैसे आहेत.

आता शाखा. तिथे रोमिंग पूर्ण बंद, विचारच नको. पण त्याआधी डीएनएस. डोमेनमधलं मशीन लॉगिनच्या वेळी डीएनएसला विचारतं, ‘माझा डोमेन कंट्रोलर कुठे आहे?’ डोमेन कंट्रोलर म्हणजे लॉगिन तपासणारा तुमचा सर्व्हर, आणि त्याचा पत्ता फक्त तुमच्या सर्व्हरच्या डीएनएसला माहीत आहे. राउटरला किंवा गूगलच्या चार आठवाल्या पत्त्याला माहीत नाही. मशीन विचारतं, उत्तर येत नाही, थांबतं, पुन्हा विचारतं. दुसरा पर्याय म्हणून राउटरचा पत्ता ठेवला तरी हीच गत, कारण पहिल्याकडून एकदा उशीर झाला की मशीन दुसऱ्याला धरून बसतं. सगळ्या डोमेन मशीनवर फक्त डोमेन कंट्रोलरचा पत्ता असू द्या. इंटरनेटची नावं सर्व्हरचं डीएनएस बाहेर विचारून आणतं. राउटरचा किंवा इंटरनेट कंपनीचा पत्ता त्याच्या फॉरवर्डरमध्ये, म्हणजे स्वतःला माहीत नसलेलं जिकडे विचारायचं त्या यादीत, टाकायचा. व्हीपीएन तुटली की शाखेचं इंटरनेट अडेल अशी भीती असते, ती खरी आहे. त्यावर चांगला उपाय म्हणजे शाखेत एक छोटा, फक्त वाचण्यापुरता डोमेन कंट्रोलर. तो नको असेल तर व्हीपीएनला दुसरी लाइन द्या. डीएनएसमध्ये खोटा पत्ता टाकून ते सुटत नाही. पुढे शाखेत कंट्रोलर बसवलात तर ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये शाखेचा सबनेट (तिथल्या मशीनच्या पत्त्यांचा गट) नोंदवायला विसरू नका, नाहीतर शेजारचा कंट्रोलर सोडून मशीन शहरातल्याला विचारत राहतील.

शाखेच्या फायली कुठे? सात-आठ मशीन असतील तर तिथेच एक छोटं फाइल सर्व्हर ठेवून रात्री मुख्य कार्यालयात बॅकअप आणा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं लायसन्स असेल तर वनड्राइव्हची ‘नोन फोल्डर मूव्ह’ सोय शाखेसाठी जास्त सोयीची: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स मशीनवरच राहतात आणि मागून ढगात जातात, लॉगिन कुणाची वाट पाहत नाही. फक्त एकाच फोल्डरला रिडायरेक्शनही आणि वनड्राइव्हही लावू नका. एफएसलॉजिक्सबद्दल विचारलंत: ते संपूर्ण प्रोफाइल एका आभासी डिस्कमध्ये ठेवून लॉगिनला जोडतं, कॉपी करतच नाही. रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर मी तेच वापरतो. तुमच्या साध्या डेस्कटॉप मशीनना त्याची गरज नाही.

पॉलिसीबद्दल थोडं, कारण ८००१ चा आकडा मोठा निघाला तर इथे यावं लागेल. ड्राइव्ह आणि प्रिंटर जोडणाऱ्या नोंदींत कृती ‘रिप्लेस’ असेल तर प्रत्येक वेळी काढून पुन्हा जोडलं जातं; ती ‘अपडेट’ करा. बंद पडलेल्या किंवा विकून टाकलेल्या प्रिंटरची नोंद तशीच असेल तर मशीन त्याला शोधत थांबतं. एका कार्यालयात रोजचं पाऊण मिनिट अशा एका प्रिंटरने खाल्लं होतं, तो प्रिंटर भंगारात जाऊन वर्ष झालं होतं. डब्ल्यूएमआय फिल्टरमध्ये, म्हणजे पॉलिसी कोणत्या मशीनला लागू व्हावी हे ठरवणाऱ्या अटीत, ‘विन३२ प्रॉडक्ट’ कुणी वापरलंय का ते शोधा. दिसायला साधी चौकशी, पण ती मशीनवर एमएसआय इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची तपासणी करत बसते. सापडली तर काढा. लॉगिन स्क्रिप्टने होणारी कामं डेस्कटॉप दिसल्यावर पाच मिनिटांनी होत असतील तर तो बिघाड नाही, विंडोज ८.१ पासून पॉलिसीतल्या स्क्रिप्टला तसा उशीर ठेवलेला असतो आणि तो पॉलिसीनेच कमी करता येतो.

मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. नव्या सर्व्हरऐवजी पैसे इथे घाला, लोकांना फरक त्याच दिवशी जाणवेल. मॅनेज्ड स्विच असेल तर मशीनच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ आहे ना तेही पाहा. नसेल तर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा झाला नाही ना, ही स्विचची तपासणी) पोर्ट उघडायला ३० सेकंद घेतो, आणि एसएसडीवरचं मशीन त्याआधीच लॉगिनच्या पडद्यावर येऊन ‘डोमेन सापडत नाही’ म्हणतं.

आउटलुकच्या पीएसटी फायली, म्हणजे मशीनवर साठवलेले मेल, बहुतेकांच्या डॉक्युमेंट्समध्ये असतात, आणि रिडायरेक्शनने त्या आपोआप सर्व्हरवर जातील. तसं होऊ देऊ नका. नेटवर्कवर ठेवलेल्या पीएसटीला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि त्या बिघडतात तेव्हा वर्षांचा पत्रव्यवहार घेऊन जातात. फोल्डर वळवण्याआधी प्रत्येक मशीनवर पीएसटी शोधून ती मशीनच्या डिस्कवर वेगळ्या जागी हलवा आणि तिचा बॅकअप स्वतंत्र लावा. मेल सर्व्हरवरच ठेवता येत असेल तर उत्तम.

बॅकअपवरून आठवलं. सगळ्यांचं काम एका जागी आलं याचा मोठा फायदा म्हणजे ४० मशीनऐवजी एका फोल्डरचा बॅकअप. सर्व्हरवर शॅडो कॉपी दिवसातून दोनदा चालू करा, म्हणजे चुकून पुसलेली फाइल माणूस स्वतःच ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून परत आणू शकतो. पण एका जागी आलं म्हणजे धोकाही एकवटला. एखाद्या मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर त्या युजरला जिथे लिहिता येतं ते सगळं ते कुलूपबंद करतं, सर्व्हरवरचं फोल्डर धरून. आणि ॲडमिनचे हक्क मिळाले तर शॅडो कॉपीही पुसतं. म्हणून एक प्रत अशी हवी की जिला डोमेनच्या कुठल्याही पासवर्डने हात लावता येत नाही. दोन बाहेरच्या डिस्क घेऊन आठवड्याला अदलाबदल केली आणि एक तिजोरीत ठेवली तरी चालेल. तिजोरी तुमच्याकडे आहेच. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एक फाइल परत आणून उघडून बघा.

कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या जागेला मर्यादा, लावायचा का? लावा, पण आधी फक्त इशारा देणारा. ‘फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर’मध्ये मर्यादा ओलांडल्यावर मेल जाईल अशी सोय आहे. सहा महिने नुसते मेल पाहा, कुणाचं काय वाढतंय ते कळेल, मग अडवणारा कोटा ठरवा. प्रोफाइलवरच आकाराची मर्यादा लावणारी एक जुनी पॉलिसी आहे, ती वापरू नका. विंडोज व्हिस्टापासून ती लॉगआउट अडवत नाही, पण मर्यादा ओलांडली की प्रोफाइल सर्व्हरवर नेणंच थांबवते, आणि नेमकं काय पुसायचं हे माणसाला कळत नाही.

या सगळ्या बदलात एखाद्याला ‘तात्पुरतं प्रोफाइल’ मिळाल्याचा संदेश येईल. त्या वेळी त्याला लगेच काम थांबवायला सांगा, कारण त्या सत्रात डेस्कटॉपवर ठेवलेलं, तो अजून वळवलेला नसेल तर, लॉगआउटला नाहीसं होतं. आणि मशीनवरचं प्रोफाइल काढायचं झालं तर युजर्स फोल्डरमध्ये जाऊन हाताने पुसू नका. रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते आणि पुढच्या लॉगिनला पुन्हा तात्पुरतंच मिळतं. सिस्टिमच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमधल्या युजर प्रोफाइल्सच्या खिडकीतून काढा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात शाखेचं डीएनएस दुरुस्त करा आणि तीन नोंदींचे आकडे पाच मशीनवरून लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात पीएसटी हलवा, शेअर आणि परमिशन तयार करा, तुमच्या स्वतःच्या खात्यावर रिडायरेक्शन लावून दोन दिवस काम करा. मग वसुली विभागातून सुरुवात करा, काउंटर सगळ्यांत शेवटी. आधीच्या प्रोफाइल शेअरची पूर्ण प्रत काढून तीन महिने हात न लावता ठेवा. काउंटरची माणसं झाली की त्यानंतरच्या सोमवारी पावणेदहाला पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसा आणि तेच दोन आकडे लिहा. ते आणि आधीचे मला पाठवा. पहिला आकडा एका मिनिटाच्या आत आला नसेल तर ५०१६ च्या नोंदीही सोबत जोडा, आपण पुढचं बघू.